ओंजळीतली करंगळी

दिवाळी झाली, गावोगावच्या मंडया, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रा, सुरू झाल्या, की आमच्या शरीररचना विभागाच्या मागच्या खिडक्या मी मुद्दाम उघड्या ठेवते. शिपाई कुरकुरतो, मच्छर येतात म्हणतो. येऊ देत. त्या खिडक्यांतून कापलेल्या धानाचा वास येतो. गोंदिया एवढं वाढलं, तरी कॉलेजमागच्या धानाच्या चार-सहा बांध्या अजून कुणी प्लॉट पाडून विकलेल्या नाहीत. आत फॉर्मालिन, बाहेर धानाचा ओला पेंढा, आमची तणस. हे दोन वास वर्षातून दोन-तीन आठवडेच एकमेकांत मिसळतात, आणि नेमकी त्याच दिवसांत नवी बॅच येते.

यंदाचीही आली. घड्या न मोडलेले एप्रन, खिशाला नवी पेनं, डोळे रडून सुजलेले. होस्टेलमध्ये पहिले आठ दिवस सगळीच रडतात, मुलगे जरा जास्त. माझ्यासमोर मात्र ताठ उभी राहून ‘गुड मॉर्निंग मॅम’ म्हणून ओरडतात. मी म्हणते, ‘अरे हळू, इथली माणसं झोपलीत.’ कुणाला हसावं की नाही कळत नाही. हा माझा दरवर्षीचा विनोद आहे आणि दरवर्षी तो पडतो.

पाच वर्षांपूर्वी, ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षीही तो पडलाच होता. नवा अभ्यासक्रम येऊन थोडेच दिवस झाले होते. पहिल्या वर्षाच्या पोरांना सुरुवातीपासूनच पेशंटपाशी न्यायचं, पुस्तकातला हात आणि माणसाचा हात एकाच आठवड्यात दाखवायचा, असा वरून हुकूम होता. त्याला नावही भारदस्त, अर्ली क्लिनिकल एक्स्पोजर. मी मीटिंगमध्ये चांगलीच तापले. ‘अहो, या लेकरांना अजून उजवं-डावं सांगता येत नाही, त्यांना वॉर्डात नेऊन मी काय करू? वरात काढू?’ सगळे हसले. मी जिंकले असं मला वाटलं.

खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. वीस वर्षं मी मेलेल्या माणसांच्या संगतीत काढली होती आणि त्यात मी मजेत होते. मृतदेह घाई करत नाही, खोटं बोलत नाही, ‘मॅडम, बरं केव्हा होईल’ असं विचारत नाही. आम्ही त्याला मान देतो. पहिल्या दिवशी शपथ घेतो, फूल वाहतो. पण दुसऱ्या दिवसापासून, हात हवा असला की हात उचलायचा, पालथा करायचा, शिकवायचा, ठेवून द्यायचा. त्यात वावगं आहे असं मला कधी वाटलं नाही. कुणाला विचारणार?

हात शिकवायला मला सगळ्यात आवडतो. त्यातही बोटं. अंगठा सोडून प्रत्येक बोट वाकवायला तळव्याच्या बाजूनं दोन दोऱ्या येतात. लोक त्यांना शिरा म्हणतात, आम्ही कंडरा. एक वरून येते, एक खोलातून. वरची मधल्या पेरापर्यंतच जाते, पण तिथं पोचायच्या आधी ती मधोमध दुभंगते आणि खोलच्या कंडरेला आपल्यातून वाट करून देते. मग खोलची पुढं जाऊन बोटाच्या टोकाला चिकटते. ‘बघा रे,’ मी म्हणते, ‘थोरली कशी बाजूला होऊन धाकटीला जाऊ देते.’ किती बॅचना हे दाखवलं, पण चिमट्यानं ती फट उघडून दाखवताना अजूनही माझा आवाज कातर होतो. पोरांना वाटतं, मॅडमना सर्दी झाली.

त्या बॅचमध्ये रोशनी होती. अर्जुनी मोरगावकडची, धानशेती असलेल्या घरातली. वर्गात शेवटच्या बाकावर. तोंडी परीक्षेत काही विचारलं की ओठ हलायचे आणि आवाज यायचा नाही. इंग्रजीला घाबरायची. मी चिडायचे. ‘अगं बोल ना बाई! मराठीत बोल, हिंदीत बोल, पण बोल!’ ती खाली बघायची आणि मी तिच्या नावापुढं शून्य मांडायचे. मला वाटायचं, ही पोरगी मठ्ठ आहे. वाटायचं कशाला, मी तसं स्टाफरूममध्ये बोलूनही दाखवलं होतं.

आमच्याकडं सुरुवात हाताच्या धड्यानंच होते. तो संपला त्या आठवड्यात मी पंधरा पोरं घेऊन अस्थिरोगाच्या वॉर्डात गेले. धान कापणीचे दिवस. खाटाखाटांवर बांधलेली डावी बोटं. एका रांगेत एवढी डावीच बोटं बघून एका मुलानं विचारलं, ‘मॅम, सगळे डावरे आहेत का?’ त्याच्या शेजारणीनं कपाळाला हात लावला. अरे बाबा, विळा उजव्या हातात असतो, धानाची मूठ डाव्यात. पोरगा नागपूरच्या बंगल्यातला, त्याचा काय दोष!

अंकित नावाचा रेसिडेंट डॉक्टर आम्हाला कोपऱ्यातल्या खाटेकडं घेऊन गेला. तिथं देवकाबाई बसली होती. पन्नाशीची, सडसडीत, आमच्या जिल्ह्यातल्याच प्रतापगडाच्या पायथ्याच्या गावची. नऊ दिवसांपूर्वी डाव्या करंगळीला विळा लागला. गावाजवळच्या दवाखान्यात रक्त थांबवून टाके घातले होते, आता टाके काढायला इथं आली होती. ‘मॅडम, ये तो सिर्फ टाके निकालने का पेशंट है,’ अंकित म्हणाला, ‘इसमें बच्चे क्या सीखेंगे?’

आणि मी माझ्या सवयीनं पुढं झाले, तिचा डावा हात मनगटाशी धरून वर उचलला, पालथा केला, पुन्हा उताणा केला आणि पोरांकडं बघत सुरू झाले, ‘धिस इज द लेफ्ट हँड…’

हात झटक्यात माझ्या हातातून गेला.

‘कायले उचलून राहिल्या जी?’ देवकाबाई म्हणाली. सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी. ‘पुसाचं नाही, सांगाचं नाही. मी काय मेलेली आहो का?’

पंधरा पोरं खाली बघायला लागली. माझे कान तापले. तिला काय माहीत मी कोण आणि कुठून आले ते! तिनं नुसतं जे झालं तेवढंच सांगितलं होतं, आणि ते तंतोतंत खरं होतं. मी तिचा हात तसाच उचलला होता जसा खाली टेबलावरचा उचलते. ‘सॉरी’ म्हणावं तर तेही इंग्रजीत आलं. तिनं हात पदराखाली घेतला, तोंड भिंतीकडं केलं आणि अंकितला म्हणाली, ‘टाके काढा अन् मले जाऊ द्या. धान उभा आहे.’

मी निघणारच होते. तेवढ्यात शेवटून रोशनी पुढं आली. खाटेवर नाही बसली, खाटेजवळ फरशीवर उकिडवी बसली, म्हणजे तिचं तोंड देवकाबाईच्या तोंडाच्या खाली आलं.

‘मावशी, कोन्त्या गावच्या जी तुमी?’

देवकाबाईनं गाव सांगितलं.

‘आमी अर्जुनीकडचे. आमचाबी भारी धान, उशिराचा, उभाच आहे.’ मग जरा थांबून, ‘हात पाहू का जी?’

हात पदराबाहेर आला. एवढंच होतं ते. ‘पाहू का जी’, तीन शब्द. वीस वर्षांत मला सुचले नव्हते.

रोशनीनं विचारलं, ‘मूठ मोठी घेतली होती का?’

‘हो ना बाई. ठेक्यानं दुसऱ्याचं घेतलं होतं कापाले. झटपट करून राहिलो होतो. दोन-चार काड्या सुटल्या, त्या करंगळीनं वढाले गेलो, अन् इळा आला.’

रोशनीनं आपली ओढणी चुणून तिच्या हातात दिली. ‘कसं धरलं होतं, दाखवा ना.’ देवकाबाईनं ओढणीची मूठ धरली. चार बोटं घट्ट मिटली. करंगळी मधल्या पेरात वाकली, पण टोक ताठच राहिलं. ‘दुखते,’ ती म्हणाली. सूज असेल, दुखत असेल, असंच सगळ्यांनी धरलं होतं. रोशनीनं तिच्या करंगळीचं मधलं पेर दोन बोटांत हलकेच धरलं आणि म्हणाली, ‘मावशी, आता निस्तं टोक वाकवा.’

टोक हललं नाही. देवकाबाईच्या कपाळावर आठ्या पडल्या, मानेची शीर ताठली, टोक तसंच.

रोशनीनं वर माझ्याकडं बघितलं. त्या दिवशी तिचे ओठ हलले आणि आवाजही आला. ‘मॅडम, धाकटी तुटली. थोरली आहे.’

अंकितनं स्वतः तपासून बघितलं आणि ‘अरे यार’ म्हणून अस्थिरोगाच्या सर्जन सरांना बोलवायला पळाला. सर आले. म्हणाले, खोलची कंडरा तुटलेली, अजून दिवस आहेत, दोन-चार दिवसांत जोडली तर जोडेल. पुढं दीड महिना हात पट्टीत, मग व्यायाम. आणि आज टाके काढून घरी गेली, तर करंगळीचं टोक जन्मभर वाकणार नाही.

‘नाही जी,’ देवकाबाई म्हणाली. ‘दीड महिना? धान लोळन माहा. अन् येवढ्याशा करंगळीले कोनी ऑपरेशन करते काय? तिचं काम तं काय आहे?’

सरांनी समजावलं, अंकितनं हिंदीत समजावलं, सिस्टरनं दटावलं. बाई ऐकेना. आणि मला आतून कळत होतं की निम्मा राग माझ्यावरचा आहे. मी तो हात तसा उचलला नसता तर ती कदाचित ऐकून घेती. माझ्या एका सवयीपायी एका बाईचं बोट जाणार होतं.

तिचं काम तरी काय आहे? मी करंगळीवर पाऊण तास व्याख्यान देऊ शकते, पण तिथं मला एक वाक्य सुचेना. मी नुसती त्या ताठ टोकाकडं बघत राहिले. आणि बघता बघता मला ते टोक ओळखीचं वाटायला लागलं. ते मी रोज बघितलेलं होतं. माय माझी वेणी घालताना, भाकर थापताना, सणाच्या दिवशी कपाळाला कुंकू लावताना ते बाजूला ताठ उभं असायचं.

मी तिरोड्याजवळची. बोदलकसा तलावाच्या पाण्यावर आमच्या बांध्या. दुपारी आम्ही भावंडं कालव्यावर ओणवी होऊन ओंजळीनं पाणी प्यायचो. माय कधी ओंजळीनं प्यायची नाही. पळसाचं पान तोडायची, त्याचा द्रोण वळायची, मग प्यायची. आम्ही हसायचो, ‘माय लय नखरेवाली!’ तीही हसायची. देवळात प्रसादाला सगळे दोन्ही हात पुढं करायचे, ती पदर पसरायची. लहानपणी तिला विळा लागला होता, एवढं आम्हाला माहीत होतं. त्याच्या पुढं कुणी काही विचारलं नव्हतं. मी डॉक्टर झाले, हाताची शिक्षक झाले, दर दिवाळीला घरी जाऊन तिच्या हातचं खाल्लं, आणि एकदाही मला सुचलं नाही की हिचं मधलं पेर धरावं आणि म्हणावं, माय, टोक वाकव बरं. तेव्हा कळून उपयोग काहीच नव्हता, फार वर्षं झाली होती. पण विचारलं तर असतं!

मीही खाली बसले. गुडघे कुरकुरले. कॉलेजमध्ये बोलते ती मराठी कुठं गेली कोण जाणे, तोंडातून घरची, बायकांनीही ‘गेलो’ म्हणायची बोली यायला लागली.

‘बाई, मगाशी चुकलो मी. पुसाले पाह्यजे होतं.’

तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं.

‘माह्या मायलेबी इळा लागला होता. याच बोटाले. तिचंबी टोक असंच. तिच्या ओंजळीत पानी राह्यत नोहोतं जी. टोकाकून गळून जाये. मंग ते पानाच्या द्रोणानं पानी पिये, अन् आमी तिले हासो.’

शेजारच्या खाटेवरची म्हातारी मुरमुरे खात होती. देवकाबाईनं तिच्यापुढं दोन्ही हात केले. ‘टाका जी मूठभर.’ म्हातारीनं टाकले. देवकाबाईनं ओंजळ मिटून जवळ आणली. दोन करंगळ्या शेजारी शेजारी आल्या, उजवी वाकलेली, डावी टोकाशी ताठ, आणि दोघींच्या मधून मुरमुरे एकेक करून चादरीवर पडायला लागले. ती ते पडताना बघत राहिली. मग चादरीवरचे वेचले, म्हातारीला परत दिले. फुकट घालवायची बाई नव्हती ती.

‘तुमच्या मायचं ऑपरेशन नाही केलं काऊन?’ तिनं मला विचारलं.

‘कोनी पाह्यलंच नाही जी.’

तिनं आपली डावी करंगळी उजव्या मुठीत धरली. मग ती रोशनीला म्हणाली, ‘पोरी, तू राहशीन का तेथं?’

‘राहतो जी,’ रोशनी म्हणाली. जशी काही तीच ऑपरेशन करणार होती.

ऑपरेशनच्या दिवशी रोशनीला थिएटरच्या दारापर्यंतच जाऊ दिलं. पण आत जाण्याआधी सरांनी देवकाबाईला विचारलं, विळा लागला तेव्हा बोट सरळ होतं की वाकलेलं? कारण बोट वाकलेलं असताना कंडरा तुटली, तर सरळ केल्यावर तिचं टोक जखमेपाशी सापडत नाही, पुढं सरकलेलं असतं. देवकाबाईच्या आधी दारातून रोशनीनंच उत्तर दिलं, ‘वाकलेलं सर, काड्या वढत होती ती.’ सर मान हलवून आत गेले. तुटलेलं टोक तिथंच, पुढं सापडलं. रोशनीच्या कोऱ्या करकरीत एप्रनवर त्या दिवशी पहिला डाग पडला, चहाचा. सगळं लक्ष थिएटरच्या दाराकडं, मी दिलेला कप तिनं निम्मा अंगावर घेतला.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा खाली, आमच्या शांत माणसांपाशी. टेबलाभोवती गर्दी झाली. रोशनी पुढं आली, मृतदेहाच्या हाताजवळ गेली आणि थांबली. मग अगदी हळू, पण मला ऐकू आलं, म्हणाली, ‘घेऊ का जी?’ आणि मग तिनं हात हातात घेतला. नागपूरचा तो पोरगा हसेल म्हणून मी डोळे वटारायच्या तयारीत होते. तो हसला नाही. त्यानंही खालच्या आवाजात काहीतरी पुटपुटलं आणि पाय हातात घेतला. स्टाफरूममध्ये रोशनीबद्दल बोललेलं मी त्याच दिवशी, त्याच लोकांसमोर परत घेतलं.

देवकाबाईचा धान त्या वर्षी गावकीनं कापून दिला. बोट बऱ्यापैकी वाकायला लागलं. पुरतं नाही, पण वाकतं. पुढच्या हंगामात ती विभागाचं दार शोधत आली. पिशवीत नवा तांदूळ. माझ्या टेबलावरची हाडं एका हातानं बाजूला सारली आणि म्हणाली, ‘हा तुमच्या मायले. नव्या धानाचा आहे म्हना.’

मला सांगायला हवं होतं. माय तर देवकाबाईला विळा लागायच्या कितीतरी आधीच गेली होती. पण ती इतक्या लांबून, एसटी बदलून आलेली, आणि चेहऱ्यावर असा आनंद. ‘देतो जी,’ मी म्हणाले. पुढच्या वर्षी पुन्हा आली. ‘माय बरी आहे ना?’ मी मान हलवली. एकदा खोटं बोललं की दरवर्षी नवा हंगाम येतो आणि ते पुन्हा बोलावं लागतं. मी तो तांदूळ घरी नेऊन एकटीच रांधायचे. त्या दिवशी दुसरं काही करायचे नाही, नुसता भात आणि वरून तूप.

काल ती आली. बाहेर यंदाची पोरं एप्रन सावरत उभी होती, रोशनीही माझ्याजवळ आलेली होती. आता ती इंटर्न आहे, आवाज एवढा चढला आहे की सिस्टर तिला घाबरतात. देवकाबाईनं पिशवीचं तोंड सोडलं आणि विचारलं, ‘माय काय म्हनते?’

खिडकीतून धानाचा वास येत होता. मला एकाएकी फार थकल्यासारखं झालं.

‘माय नाही जी,’ मी म्हणाले. ‘तुमच्या ऑपरेशनच्या आधीच गेली होती. मी बोललो नाही तुमाले.’

देवकाबाईचा हात पिशवीच्या तोंडावर थांबला. मला वाटलं, आता पिशवी बांधून जाईल.

‘मंग येवढे वर्सं तांदूळ कोन खाऊन राहिलं?’

‘मी.’

‘एकटीच?’

‘हो जी.’

‘बरं केलं,’ ती म्हणाली. ‘धरा. ओंजळ करा.’

मी दोन्ही हात पुढं केले. तिनं पिशवीत हात घातले, ओंजळ भरून बाहेर काढली आणि माझ्या ओंजळीत रिती केली. चार-सहा दाणे तिच्या डाव्या करंगळीच्या टोकापाशी सांडले, बाकी सगळे आले. तिनं पुन्हा भरली, पुन्हा ओतली. माझ्या हातांत मावेना तरी ती थांबेना. माझे डोळे भरून आले होते आणि हात भरलेले, पुसणार कशानं?

तिनंच पुसले, आपल्या पदरानं. न विचारता.